३८ क्लायंट, ९ लॉगिन: डॉक्युमेंटेशनसाठी आयटी ग्लू, हुडू की बुकस्टॅक?

सबनेट_भोसरी

नमस्कार मंडळी. एमएसपीचं (दुसऱ्या कंपन्यांचं आयटी सांभाळायचं) काम करणाऱ्यांना विचारायचं आहे. ३८ क्लायंट आहेत. बहुतेक भोसरी-चाकणच्या एमआयडीसीतले सीएनसी आणि प्रेस शॉपवाले, शिवाय ६ सीए ऑफिसं आणि २ छोटी हॉस्पिटलं. टेक्निशियन ७, वर मी आणि अकाउंट्स, म्हणजे ९ लॉगिन.

सध्याची अवस्था अशी: आयपी आणि सिरीयल नंबर एक्सेलमध्ये, दर क्लायंटची वेगळी फाईल. पासवर्ड नॅसवरच्या (नेटवर्कवरचं सामाईक स्टोरेज) एकाच कीपास (पासवर्ड साठवायचं सॉफ्टवेअर) फाईलमध्ये. कामाच्या पायऱ्या वननोटमध्ये. आणि खरी ताजी माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर.

क्लायंटची सगळी माहिती एका जागी ठेवायला डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत: आयटी ग्लू, स्वतःच्या सर्व्हरवर हुडू, किंवा फुकटातलं बुकस्टॅक (विकी) आणि जोडीला व्हॉल्टवॉर्डन (पासवर्डची तिजोरी). शॉपफ्लोअरवर मोबाईलला रेंज नसते, तरी माहिती हाताशी हवी. माणूस सोडून गेला तर नेमके कोणते पासवर्ड बदलायचे ते कळायला हवं. लिनक्स जमणारे दोघं आहेत. ठरवायचं कशावरून?

पॅचपॅनल

फीचरची यादी समोर ठेवून तुलना करू नका, तिन्हींच्या वेबसाइटवर सगळ्याच रकान्यांत टिकमार्क दिसतील. टूलला एकच प्रश्न विचारा: "या क्लायंटच्या डोमेन ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आज बदलला तर काय काय बंद पडेल?"

उत्तर साधारण असं असतं. बॅकअपचा जॉब त्याच अकाउंटवर चालतो. फायरवॉल व्हीपीएन युजर तपासायला एडीला (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, युजरची मध्यवर्ती यादी) विचारते, ती त्याच अकाउंटने. झेरॉक्स मशीन स्कॅन करून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं, तिथेही तेच लॉगिन भरलेलं. सर्व्हरवर दोन शेड्युल्ड टास्क. असं असू नये, प्रत्येकाला वेगळं सर्व्हिस अकाउंट हवं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ताब्यात आलेल्या दहापैकी आठ साइटवर असंच सापडतं.

वननोट किंवा कुठल्याही विकीत ही माहिती चार पानांवर विखुरलेली असते आणि पासवर्ड बदलणारा ती चारही पानं उघडत नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता स्कॅनरचं टिकिट येतं. बॅकअपचं तर येतच नाही, ते महिन्याभराने उघडकीला येतं.

आयटी ग्लू आणि हुडू या दोन्हींत पासवर्ड ही स्वतंत्र नोंद असते आणि तिला उपकरणं, साइट, कार्यपद्धती जोडता येतात. पासवर्ड उघडला की बाजूला संबंधित नोंदी दिसतात. पैसे द्यायचे ते या जोडण्यांसाठी. बाकी नुसता मजकूर लिहायला बुकस्टॅक उत्तमच आहे.

तुमच्या आकाराला मी हुडू म्हणेन. दोघं लिनक्सवाले आहेत, उबंटूवर डॉकर कंपोजने (तयार कंटेनर एकत्र चालवायचं साधन) चढतं, आत पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस. आयटी ग्लू जुनं आणि भरीव आहे, पीएसए (टिकिटं-बिलांचं सॉफ्टवेअर) आणि आरएमएम (क्लायंटच्या मशीनवर दुरून नजर ठेवणारं) यांच्याशी जोडण्या जास्त. २०१८पासून ते कॅसेयाकडे आहे, तेव्हा आरएमएम त्यांचंच वापरत असाल तर गणित वेगळं होतं. ९ लॉगिनसाठी कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या: किमान किती युजरचे पैसे भरावे लागतील, करार किती वर्षांचा, आणि नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं.

डॉट_ईएनव्ही

हुडूला माझी हरकत नाही, पण बुकस्टॅकला "नुसता मजकूर" म्हणून एका वाक्यात निकालात काढलंत ते पटलं नाही. शेल्फ, बुक, चॅप्टर, पेज अशी चार पायऱ्यांची रचना आहे. दर क्लायंटला एक शेल्फ, आत नेटवर्क, सर्व्हर, कार्यपद्धती अशी बुकं. पानांना नाव-मूल्य असे टॅग लावता येतात, उदाहरणार्थ "उपकरण = फायरवॉल", आणि त्यावर शोधही घेता येतो. एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानात जसाच्या तसा ओढता येतो, त्यामुळे आउटलुक प्रोफाईल नव्याने बनवायच्या पायऱ्या ३८ ठिकाणी चिकटवाव्या लागत नाहीत.

फसण्याची जागा परवानग्यांची. शेल्फवर परवानगी लावली म्हणजे आतल्या बुकांना ती आपोआप लागते असं सगळे धरून चालतात. लागत नाही. एक बुक अनेक शेल्फांवर राहू शकतं, म्हणून रचनाच तशी ठेवली आहे. शेल्फच्या परवानग्यांच्या पानावर त्या बुकांना कॉपी करायचं बटण आहे, ते दर वेळी दाबायचं. नवीन बुक टाकलं की पुन्हा दाबायचं. एका क्लायंटच्या आयटीवाल्याला त्याचं शेल्फ बघायला लॉगिन देणार असाल तर ते देण्याआधी चाचणीच्या युजरने आत शिरून काय काय दिसतंय ते बघा.

बॅकअपला तीन तुकडे लागतात: मायएसक्यूएलचा डम्प, अपलोडचे फोल्डर (दोन आहेत, एक पब्लिकमध्ये, एक स्टोरेजमध्ये), आणि डॉट ईएनव्ही फाईल (सेटिंग आणि गुप्त की असलेली). तिसरी विसरली जाते. हुडूतही तेच, उलट तिथे जास्त महाग पडतं: पासवर्ड ज्या कीने एन्क्रिप्ट होतात ती की त्याच फाईलमध्ये असते. डेटाबेस अगदी धडधाकट परत आला आणि ही फाईल नसली, तर पासवर्डचे रकाने उघडणार नाहीत.

म्हणून काहीही घ्या, पहिल्या आठवड्यातच एक रिस्टोर कोऱ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन) करून बघा आणि एक पासवर्ड उघडून बघा. लॉगिनचं पान दिसलं म्हणजे रिस्टोर झालं, असं नाही.

कुलूपकिल्ली

पासवर्डबद्दल कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो.

आधी तुमची कीपास फाईल. तिला एकच मास्टर पासवर्ड आहे आणि ७ जणांना तो माहीत आहे. कोणी कोणती नोंद उघडली याचा हिशेब कुठेही नाही. सोडून जाणाऱ्याच्या लॅपटॉपवर त्या फाईलची प्रत राहिली असेल तर तुम्ही मास्टर बदललात तरी जुनी प्रत जुन्या पासवर्डने उघडणारच. म्हणजे माणूस गेला की ३८ क्लायंटचे सगळे पासवर्ड बदलणं हाच प्रामाणिक उपाय, आणि तो कोणी करत नाही. कीपास वाईट नाही, तो एका माणसासाठी आहे.

व्हॉल्टवॉर्डन घेणार असाल तर:

– दर क्लायंटचं वेगळं कलेक्शन (पासवर्डचा गट) करा, टेक्निशियनला त्याच्याकडच्या क्लायंटचीच कलेक्शनं द्या.
– ऑर्गनायझेशनचा इव्हेंट लॉग (कोणी काय उघडलं त्याची नोंद) मुळात बंद असतो. सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. तो बंद राहिला तर "कोणते पासवर्ड बदलायचे" हा तुमचा प्रश्न आहे तिथेच राहतो.
– नवीन साइनअप बंद करा. ॲडमिन पानाचं टोकन साधं लिहून ठेवू नका, आर्गॉन-२ हॅश (मूळ टोकन परत काढता न येणारं रूप) करून ठेवा.
– एसक्यूलाइटची (व्हॉल्टवॉर्डनचा डेटाबेस) चालू फाईल नुसती कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेली उचलली जाते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा. अटॅचमेंटचा फोल्डर, आरएसए की आणि कॉन्फिग फाईल सोबत घ्या.

रेंजच्या अडचणीवर इथेच उत्तर मिळतं. बिटवॉर्डनचं (व्हॉल्टवॉर्डन ज्याच्याशी जुळतो तो पासवर्ड मॅनेजर) मोबाईल ॲप व्हॉल्टवॉर्डनला जोडलं की फोनवर एन्क्रिप्टेड प्रत राहते आणि रेंज नसतानाही पासवर्ड वाचता येतो, बदलता मात्र येत नाही. साइटवर निघायच्या आधी एकदा सिंक करायचं. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: ज्याचं लॉगिन काढलंत त्याचा फोन ऑफलाइन असेल तर त्याच्या फोनमधली प्रत तोवर वाचता येते. लॉगिन काढलं म्हणजे पासवर्ड बदलायची गरज संपली, असं होत नाही. लॉगचा उपयोग एवढाच की ६०० ऐवजी त्याने खरोखर उघडलेले ४० बदलावे लागतात. यादी मात्र त्याचं लॉगिन काढण्यापूर्वी काढून ठेवा.

ओटीपीचं बीज (ज्यापासून ओटीपी तयार होतात ती गुप्त की) पासवर्डच्याच नोंदीत ठेवायची सोय हुडूत आहे, आयटी ग्लूत आहे, बिटवॉर्डनमध्येही आहे. सोय म्हणून छान आहे. पण मग दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या एकाच खिळ्यावर टांगल्या. प्रिंटर, स्विच, आयएसपी पोर्टल यांना चालेल. क्लायंटच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्लोबल ॲडमिनला आणि डोमेन रजिस्ट्रारला नको, तिथे हार्डवेअर की घ्या.

हुडूत एपीआय की (स्क्रिप्टला आत शिरायला दिलेली किल्ली) बनवताना पासवर्ड वाचायची मुभा वेगळी द्यावी लागते. जी स्क्रिप्ट फक्त सिरीयल नंबर भरते तिला ती देऊ नका. आणि हुडू स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर व्हीपीएनच्या आत ठेवा. ३८ कारखान्यांच्या किल्ल्या आहेत त्यात.

सबनेट_भोसरी

सगळ्यांचे आभार. पॅचपॅनल दादांचा स्कॅनरचा मुद्दा नेमका लागला! हुडू चाचणीला घेतो. आता दोन शंका. एक, एक्सेलच्या ३८ फाईली आत कशा ओढायच्या? सगळं सीएसव्ही करून टाकलं की झालं ना? दोन, नोंदीत रकाने किती ठेवायचे? एका सहकाऱ्याने फायरवॉलसाठी ३१ रकाने काढलेत.

क्रिंपिंग_टूल

सीएसव्ही करून टाकलं की झालं नाही. एक्सेल वाटेत हात मारतं आणि सांगत नाही. मला दिसलेले प्रकार:

शून्य जातं. सर्किट आयडी ००४५१२ असेल तर ४५१२ उरतो. एसटीडी कोडचंही तेच. १५ अंकांपेक्षा मोठा आकडा असेल तर १५च्या पुढचे सगळे अंक शून्य होतात, काही लायसन्स नंबर यात मरतात. सिरीयल नंबरात आकड्यांच्या मधोमध "ई" असेल, म्हणजे ५ई१२ सारखं काही, तर एक्सेल त्याला वैज्ञानिक पद्धतीचा आकडा समजतं. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजला जातो. तारखांत दिवस-महिना उलटतो: ०५/०८ ही ५ ऑगस्ट की ८ मे, हे तुमच्या विंडोजच्या रीजनवर ठरतं, आणि वॉरंटीची तारीख तीन महिन्यांनी चुकते. देवनागरीत लिहिलेली साइटची नावं साध्या सीएसव्हीत प्रश्नचिन्हं होतात, "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडून सेव्ह करा.

उपाय: सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडायची नाही. डेटा टॅबमधून इम्पोर्ट करायची आणि सगळे रकाने टेक्स्ट ठेवायचे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची.

क्रम असा ठेवा. आधी कंपन्या, नावं पीएसएमध्ये आहेत तशीच, अक्षर न् अक्षर. "प्रा. लि." एकीकडे आणि "प्रायव्हेट लिमिटेड" दुसरीकडे असलं की एकाच क्लायंटच्या दोन कंपन्या तयार होतात. मग साइट. मग उपकरणांचे साचे, मग उपकरणं, मग पासवर्ड, आणि जोडण्या शेवटी. दोन्ही टोकांच्या नोंदी असल्याशिवाय जोडणी होत नाही, म्हणून हा क्रम.

३८ एकदम नको. एक सरळ क्लायंट (सीए ऑफिस) आणि एक वाकडा (दोन आयएसपी आणि जुना सर्व्हर असलेला कारखाना) एवढे दोनच घ्या, आणि दोन आठवडे त्यांची सगळी टिकिटं फक्त नव्या नोंदीवरून सोडवा. साच्यातली चूक दुसऱ्या क्लायंटला सापडली तर दुरुस्तीला तासभर. तिसाव्याला सापडली तर आठवडा गेला.

व्हॉट्सॲपवरच्या पासवर्डबद्दल एक गंमत. पासवर्डात दोन तारे किंवा दोन अंडरस्कोर असले तर व्हॉट्सॲप मधली अक्षरं ठळक किंवा तिरकी करतं आणि चिन्हं पडद्यावरून गायब होतात. स्क्रीनवर वाचून एक्सेलमध्ये टाईप केलेले असे पासवर्ड चुकीचेच उतरलेले असणार. भरण्याआधी एकदा लॉगिन करून तपासा, आणि तपासल्याची तारीख नोंदीत घाला.

पॅचपॅनल

३१ रकाने म्हणजे ३१ रिकामे रकाने. नियम साधा: ज्या रकान्यामुळे कधी टिकिट लवकर सुटलं नसतं तो काढून टाका. रॅम किती, डिस्क किती हे आरएमएमला कळतं, हाताने भरायचं नाही. आरएमएमला जे दिसत नाही तेवढंच माणसाने लिहायचं. फायरवॉलची नोंद एवढी पुरते:

नाव: केटीपी-चाकण-एफडब्ल्यू०१ (क्लायंट, साइट, उपकरण, क्रमांक)
जागा: पहिला मजला, क्वालिटी रूममागचं वॉल-माउंट रॅक. किल्ली सिक्युरिटी केबिनमध्ये
लॅन: १९२.१६८.१०.१, ॲडमिन पोर्ट ८४४३
आयएसपी १: फायबर, सर्किट आयडी, तक्रारीचा नंबर, बिल कोणाच्या नावावर
आयएसपी २: स्थानिक केबलवाला, लाइनमनचा मोबाईल, पोर्ट वॅन२
पासवर्ड: जोडलेली नोंद (इथे टाईप करायचा नाही)
लायसन्स संपतं: तारीख, नोटिफिकेशन ६० दिवस आधी
कॉन्फिगचा बॅकअप: कुठे, शेवटचा कधी
रीबूट केलं तर: दोन मिनिटं डिस्पॅचचं ई-वे बिल थांबतं. संध्याकाळी ५ ते ७ करू नये
पाहिल्याची तारीख: कोणी, कधी

शेवटून दुसऱ्या ओळीसाठी एवढी खटपट करायची. नवीन पोरगा संध्याकाळी साडेपाचला फायरवॉल रीबूट करतो, गाड्या गेटवर उभ्या राहतात आणि फोन थेट मालकाचा येतो.

मुदतींसाठी वेगळा साचा करा: एसएसएल, डोमेन, फायरवॉल लायसन्स, टॅलीचं टीएसएस (सबस्क्रिप्शन), सीए ऑफिसांच्या डीएससी (डिजिटल सही) टोकनच्या तारखा. एसएसएल आता वर्षातून एकदा बघून चालत नाही. १५ मार्च २०२६पासून सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १००, आणि २०२९च्या मार्चपासून ४७ दिवस. हाताने रिन्यू होणारी सर्टिफिकेटं कुठे कुठे आहेत (जुनं एक्सचेंज, नॅस, एसएसएल व्हीपीएन) ती यादी आत्ताच काढून ठेवा.

हिशेबनीस_ठाणे

टेक्निकल बाजू वरचे सांगताहेत, मी पैशाची सांगते. परदेशी कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं आणि तिने जीएसटी लावला नाही, तर रिव्हर्स चार्जखाली १८ टक्के आयजीएसटी तुम्ही भरायचा. क्रेडिट मिळतं, पण त्या महिन्यात रोख जाते. कंपनीच्या खात्यात तुमचा जीएसटी नंबर आधीच भरून ठेवा.

मासिक बिल कार्डवर ठेवू नका. आपोआप कपातीला ई-मँडेट लागतं, त्यात १५,००० रुपयांवरच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागतो, आणि परदेशी विक्रेत्याकडे ती सोय नसेल तर व्यवहार सरळ नाकारला जातो. डॉक्युमेंटेशनचं लॉगिन बंद पडायला याहून फुसकं कारण नाही. वार्षिक भरा.

डॉट_ईएनव्ही

करार करण्याच्या आधी चाचणीच्या काळातच एक्सपोर्ट काढा. झिप उघडून तीन गोष्टी बघा: पासवर्ड सीएसव्हीत वाचता येतात का, लेखांमधली चित्रं सोबत आली का, आणि नोंदींमधल्या जोडण्या कुठल्या रूपात आल्या. बहुतेक वेळा मजकूर येतो, जोडण्या येत नाहीत किंवा नुसत्या आकड्यांत येतात. कंपन्या धोरण बदलतात. कॉन्फ्लुएन्सच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ला संपला, तेव्हा स्वतःच्या सर्व्हरवर ती चालवणाऱ्या सगळ्यांना हलावं लागलं.

ती झिप फाईल म्हणजे उघडे पासवर्ड, हेही विसरू नका. डाउनलोड्समध्ये पडून राहिली तर वरची सगळी कुलुपं वाया. बघून झाली की कायमची डिलीट करा, रिसायकल बिनसकट.

सबनेट_भोसरी

शेवटचं एक. हुडू आमच्याच ऑफिसच्या सर्व्हरवर टाकला आणि तोच सर्व्हर पडला तर? त्याचा पासवर्ड हुडूतच असणार.

कुलूपकिल्ली

म्हणूनच काही गोष्टी कागदावर ठेवायच्या. एक जाड लिफाफा, आत एवढंच: हुडूच्या होस्टचा रूट पासवर्ड, डॉट ईएनव्ही फाईलची छापील प्रत, बॅकअप एन्क्रिप्शनची की, तुमच्या स्वतःच्या ३६५ टेनंटचं (कंपनीचं खातं) आणीबाणीचं ॲडमिन अकाउंट (हे एसएसओच्या, म्हणजे एकाच लॉगिनने सगळीकडे शिरायच्या सोयीच्या, बाहेरचं हवं, आणि त्याची हार्डवेअर की लिफाफ्यातच), आणि डोमेन रजिस्ट्रारचं लॉगिन. व्हॉल्टमध्ये शिरायला ३६५ लागतं आणि ३६५चा पासवर्ड व्हॉल्टमध्ये आहे, अशी गाठ बसली असेल तर ती या लिफाफ्यानेच सुटते.

लिफाफा चिकटवून जोडावर सही करा, ऑफिसात नको, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भागीदाराच्या घरी. यातला कोणताही पासवर्ड बदलला की लिफाफा त्याच दिवशी नवा.

दुसरं, सायबर हल्ल्यासारखी घटना घडल्यावर कोणाला फोन करायचा ते पान सर्व्हरवर अवलंबून ठेवू नका. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. त्या ६ तासांत सर्व्हरच एन्क्रिप्ट झालेला असू शकतो. दर क्लायंटचं एक पान: संपर्काची व्यक्ती, आयएसपी, कोणती केबल आधी उपटायची, आणि सर्व्हर चालू करायचा क्रम (यूपीएस, स्विच, स्टोरेज, डोमेन कंट्रोलर, मग बाकीचे). पीडीएफ करून टेक्निशियनच्या फोनवर ऑफलाइन, आणि एक प्रत लॅमिनेट करून त्यांच्या रॅकच्या दाराला आतून. पासवर्ड त्यावर नाही. शाई लेझरची, इंकजेटची नको, शॉपफ्लोअरवर कूलंटचे हात लागतात.